न लागलेलं विरजण

१

कडावच्या जरा पुढं, रस्त्याला लागून भोईरांची आळी आहे. त्या आळीतल्या आबाजी भोईराच्या म्हशींचं दूध कर्जतच्या हॉटेलांत जायचं. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

आबाजी भल्या सकाळी धारा काढी, सायकलला कॅन अडकवून कर्जत गाठी आणि उन्हं चढायच्या आत घरी येई. घरापुरतं ठेवलेलं दूध त्याची बायको विमलबाई तापवायची, कोमट झालं की गाडग्यात विरजण लावायची आणि चुलीच्या कडेला फडक्याखाली ठेवून द्यायची. या घरात सून म्हणून आल्यापासून तिचं दही कधी चुकलं नव्हतं.

एके सकाळी तिनं फडकं काढलं, तर गाडग्यात दूधच होतं. पातळ, पांढरंशुभ्र, जसं ठेवलं तसं.

"थंडी हाय," आबाजी म्हणाला. "दोन फडकी घाल."

तिनं गाडगं गोणपाटात गुंडाळलं. दही लागलं नाही. शेजारच्या चिमाकडून ताजं विरजण आणलं. तरी नाही. गाडगं बदललं, चूल सारवून घेतली, कुणाची नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या. दूध आपलं गाडग्यात शहाण्यासारखं बसून राहिलं.

कर्जतचा हॉटेलवाला मात्र खूश होता. "आबा, म्हशींना काय अमृत पाजता का? तुमचं दूध फाटतच नाही. सकाळचं संध्याकाळी काढावं तर तस्संच!"

त्यानं आणखी दूध मागितलं. आबाजी हसला आणि रिकामा कॅन उचलून घाईघाईनं बाहेर पडला. दूध का नासत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. पण कुठं बघायला जायला हवं, ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

२

आळीच्या मागं भोईरांची वरकस, भात न पिकणारी जमीन चढत चढत डोंगराला भिडते. तिथं एक जुनी खदाण आहे. रस्त्याच्या खडीसाठी कधीतरी फोडलेली, मग सोडून दिलेली.

विमलबाईचा भाऊ लडकू चौकला राहायचा. एका ठेकेदाराच्या लॉऱ्या तो सांभाळायचा. लांब, दुसऱ्या जिल्ह्यात, एक नवं अणुवीज केंद्र उभं राहिलं होतं आणि तिथलं टाकाऊ सामान नेमून दिलेल्या जागी पोचवायचं काम त्या ठेकेदारानं घेतलं होतं. नेमलेली जागा दूर होती. खदाण वाटेवर होती.

"जुनं लोखंड हाय भावोजी, दुसरं काय नाय," लडकू म्हणाला होता. "गुमान टाकू, वर माती लोटू. आणि आपल्या नामाचं काम मी करतो. पक्की नोकरी, केंद्रातच."

नामा, आबाजीचा एकुलता मुलगा, मॅट्रिक होऊन घरी बसला होता. आबाजीनं होकारार्थी मान डोलावली.

विरजण बिघडलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात, लॉरी भर दुपारी आली. आळीतली माणसं भाताच्या झोडणीला गेलेली. लॉरीतल्या माणसांनी पिंपं दोरानं खाली सोडली. त्यांच्या हातात कोपरापर्यंत मोजे होते आणि पायांत जाड रबरी बूट. काम उरकल्यावर त्यांनी मोजे काढले, खदाणीत फेकले. मग बूटही काढले, तेही फेकले आणि अनवाणी पायांनी, तापलेल्या कातळावरून चटके सोसत, ती माणसं लॉरीत जाऊन बसली.

बूट नवे होते. आबाजीनं जन्मात कधी असे बूट घातले नव्हते. एक जोड काठालाच अडकलेला दिसला, तसा तो वाकून हात घालू लागला. लडकूनं त्याचं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

"हात लावू नका!"

लडकूनं काठीनं तो जोड आत ढकलला.

"जुनं लोखंड ना रं?" आबाजीनं विचारलं.

"हो की," लडकू म्हणाला आणि लॉरीकडं वळला.

आबाजीनं पुढं काही विचारलं नाही. महिनाभरात नामाला नोकरीचं बोलावणं आलं. विमलबाईनं आळीत पेढे वाटले.

३

पुढच्या हिवाळ्यात म्हशी खदाणीकडं जायला लागल्या.

आधी आबाजीला कळेना. चरायला सोडल्या की बाकीचा माळ टाकून त्या खदाणीच्या काठाखाली जाऊन बसायच्या. हाकललं तरी उठायच्या नाहीत. डोळे मिटून, मान लांब टाकून, उकिरड्याच्या उबेला कुत्रं पडावं तशा पडून राहायच्या.

एका सकाळी तो त्यांना आणायला गेला. माळावर दव पडलेलं, धोतराचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला. आणि मग एकदम भिजायचा थांबला. त्यानं खाली पाहिलं. तिथल्या गवतावर दव नव्हतं. खदाणीपासून जिभेसारखा लांबट पट्टा कोरडा पडला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माळ ओला चकचकीत होता.

आबाजीनं खाली बसून जमिनीला तळवा लावला. आजारी लेकराच्या कपाळाइतकी जमीन ऊन होती.

असतं असं, तो मनाशी म्हणाला. गणेशपुरी-वज्रेश्वरीला ऊन पाण्याची कुंडं नाहीत का? जमिनीच्या पोटात काय काय असतं. कातळ दिवसा तापतो, रात्री ऊब सोडतो. पण शेजारचा कातळ त्यानं चाचपून पाहिला, तो गारढोण होता.

मग त्याच्या लक्षात आलं की इतका वेळ एकही आवाज आला नाही. पाखरू नाही, नाकतोडा नाही. म्हशी रवंथसुद्धा करत नव्हत्या.

त्या दिवशी विमलबाईनं नेहमीसारखा दुधाचा पेला पुढं केला. आबाजीनं तो हातात घेतला, ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"मी दूध सोडलंय," तो म्हणाला.

"का वो?"

"नामाच्या नोकरीचा नवस होता. फेडायचा राहिला होता."

तिनं भक्तिभावानं हात जोडले. तो पेला वाया कशाला घालवायचा म्हणून स्वतःच पिऊन टाकला आणि वर बोटानं साय पुसून चाटली.

आबाजीनं ते पाहिलं. सांगायचं तर काय सांगायचं? जमीन ऊन आहे म्हणून? दूध नासत नाही म्हणून? आणि मग ती विचारणार, जमिनीत काय आहे, ते कुणी ठेवलं, तिथं तिच्या भावाला कुणी येऊ दिलं, आणि कशापायी.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. असे पुष्कळ उद्या आले नि गेले. आळीत त्याचा मान मात्र वाढला. म्हशी दारात असून दुधाला न शिवणारा माणूस! बायका लेकरांना त्याच्या पायावर घालू लागल्या. तो पाय आखडून घ्यायचा. लोक म्हणायचे, बघा, गर्व म्हणून नाही.

४

शिमग्याला नामा घरी आला. अंगावर टेरिकॉटचा पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ. आळीतली पोरं त्याच्यामागं फिरत होती. विमलबाईनं त्याच्यासाठी दुधाचा घट्ट चहा टाकला.

"मला कोरा दे आई," नामा म्हणाला.

"कोरा? अरं, तिकडं दूध मिळत नाय म्हणून पितोस, इथं कशाला?"

"सवय झालीय."

विमलबाईनं आधीच नवऱ्यासाठी कोरा चहा गाळून ठेवला होता. तिनं तो दोन कपांत केला. बाप-लेक ओटीवर समोरासमोर बसून कोरा चहा प्यायले. एकानंही मान वर केली नाही. आत विमलबाई आपल्या कपात दूध ओतत होती, त्याचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

मग ते वालाच्या शेताकडं निघाले. खदाणीची वाट आली तसा नामा बांधावरून लांबचा वळसा घेऊन चालू लागला. आबाजी त्याच्यामागं गेला.

"तुला कोणी सांगितलं?"

"मामानं. पिऊन होता तवा बोलला."

"काय असतं रं त्यात?"

नामा चालता चालताच बोलला. "तिथं आमी असल्या वस्तूंना हात लावत नाय आबा. जाड भिंती हायत. काही तर पाण्याखाली ठेवतात. वास नाय, रंग नाय. अंगातनं आरपार जातं नि कळत बी नाय."

"किती दिवस?"

"दिवस नाय. तुमी जाल, मी जाईन, माझी नातवंडं जातील. काही काही तर त्याच्याही पुढं. हे गाव इथं होतं ह्येच कोणाला ठाव नसंल, तवा बी ते तिथं असंल."

माळावर ऊन रणरणत होतं. आबाजीला वाटलं, आपण कुणाला तरी दार उघडून घरात घेतलं आहे आणि तो आता कधीच जाणार नाही. आपण मेल्यावरही तो घरातच बसून राहील.

"सांगूया का रं कोणाला?"

"माझी नोकरी जाईल. मामा आत जाईल. तुमी बी." पाठमोराच राहून नामानं विचारलं, "आई दूध घेते?"

आबाजी वालाच्या शेताकडं चालू लागला.

सणाला राहायचं म्हणून आलेला पोरगा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघून गेला. विमलबाई त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. परत येऊन ती ओटीवर केस विंचरायला बसली. फणीतून निघालेला केसांचा गुंता तिच्या मुठीत मावत नव्हता.

"म्हातारी झाले मी," ती हसून म्हणाली आणि गुंता चुलीत टाकला.

५

चैत्रात थोरली म्हैस व्याली. पारडू मेलेलंच जन्मलं.

दिसायला सगळं जागच्या जागी होतं. काळंभोर, ओलं, कान चिकटलेले. म्हैस त्याला चाटत होती. आबाजीनं विचार केला, थोडा वेळ चाटू द्यावं, ती पान्हा सोडील, मग उचलून पुरून टाकू. तो कर्जतला दूध घालायला गेला.

त्या दिवशी उशीर होऊन दुपारी परत आला, तर गोठ्यात चिमा उभी होती. शेजारच्या विठूची ती बायको. कडेवर तान्हा मुलगा. त्याला वरचं दूध सुरू करायचं म्हणून ती रोज आबाजीकडून दूध नेऊ लागली होती.

"आबा, मेलं म्हून कोण म्हणालं? जित्तं हाय की!" चिमा म्हणाली. ती वाकली होती आणि पारडाच्या पोटावर तिचा हात होता. "बघा, ऊब हाय."

"हात काढ!"

आबाजी असा ओरडला की तान्हं दचकून रडायला लागलं. चिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या थोर माणसानं आपल्यावर का खेकसावं हे तिला कळेना. ती भांडं तिथंच ठेवून गेली.

आबाजी पारडापाशी बसला. त्याचं पोट हलत नव्हतं. डोळ्यांवर धुळीचा पापुद्रा धरला होता. मेलं होतं, यात शंकाच नव्हती. पण अंग ऊन होतं. पाय मुडपून पाहिले तर जित्या जनावरासारखे मऊ वाकत होते. गोठ्यात उकडतंय, तो म्हणाला. म्हैस चाटतेय, तिच्या जिभेची ऊब असेल.

त्यानं म्हशीला बाजूला बांधलं. पारडू दाराशी ओढून सावलीत ठेवलं. संध्याकाळी हात लावला, ऊन. सकाळी हात लावला, ऊन. म्हैस हंबरत नव्हती. ती दारातून पारडाकडं टक लावून, ते आता उठेल म्हणून वाट बघत असल्यासारखी उभी होती.

तेव्हा त्यानं गोणपाट टाकून त्याला उचललं, माळावर नेऊन खोल खड्ड्यात पुरलं. माती लोटताना त्याला रडू आलं. ते पारडासाठी नव्हतं. घरी आला तेव्हा चिमाचं भांडं विमलबाईनं दुधानं भरून तिच्या घरी पोचतं केलं होतं.

"पोर रुसून गेली," ती म्हणाली. "तुमी बी काय लहान माणसावर वरडता! म्हणून मापाहून जास्त दिलं."

६

अक्षयतृतीयेला चिमाच्या मुलाचं उष्टावण होतं.

उष्टावणाला मामा लागतो. चिमाला भाऊ नव्हता. तिची सासू गौराबाई स्वतः आबाजीकडं बोलवायला आली. "तुमच्यासारखा नेमाचा माणूस दुसरा कोण हाय आळीत? तुमच्या हातनंच पहिला घास होऊ द्या."

अंगणात मांडव घातला होता. पाटाभोवती रांगोळी होती. चिमा बाळाला मांडीवर घेऊन बसली, झबल्यातलं ते गुबगुबीत पोर आबाजीकडं बघून हसत होतं. बायका एका बाजूला, त्यांच्यात विमलबाई. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. तो आता ती खाली पडू देत नसे.

गौराबाईनं खिरीची वाटी आबाजीच्या हातात दिली. "सोन्याची अंगठी बुडवा नि चाटवा. तुमच्याच म्हशीचं दूध हाय आबा. दोन दिस ठेवलंवतं, पन नासलं नाय बघा."

आबाजीनं अंगठी खिरीत बुडवली. बाळानं ओठांचा चंबू केला. आबाजीचा हात बाळाच्या तोंडाशी गेला आणि तिथंच थांबला.

मग त्यानं अंगठी मागं घेतली आणि ती वाटी स्वतःच्याच तोंडाला लावली.

घटाघटा प्यायला तो. दाढीवरून खीर ओघळली. वाटी संपली तशी त्यानं बाजूचं पातेलं ओढलं आणि हातानं खीर खायला लागला. शितं धोतरावर सांडत होती, श्वास घ्यायलाही तो थांबत नव्हता. आधी कुणीतरी हसलं. मग हसू बंद झालं.

"आबा," विठू म्हणाला, "तुमी तर दूध सोडलंवतं ना?"

"म्हातारा खुळावला," मागून कुणीतरी पुटपुटलं.

गौराबाईला काय करावं सुचेना. पाहुण्याची लाज राखायची म्हणून ती म्हणाली, "खाऊ द्या रं. भूक लागली असंल. चिमे, घरात भांडंभर हाय अजून, ते आन."

ते ऐकून आबाजीनं पातेलं लाथाडलं. खीर रांगोळीवर पसरली.

"देऊ नको!" तो म्हणाला. "लेकराला देऊ नको. दूध चांगलं नाय."

"काय झालंय दुधाला?"

आणि मग त्यानं सांगितलं. भर मांडवात, खिरीनं बरबटलेल्या तोंडानं. खदाण, पिंपं, लडकू, नामाची नोकरी. धड सांगताही येईना. ज्याला वास नाही, रंग नाही, ते लोकांना दाखवायचं कसं? त्यानं नवसाचं सांगितलं, तेव्हा मात्र त्याची मान खाली गेली, कारण तेवढं सगळ्यांना बरोबर कळलं. नवस नव्हताच. त्यानं आपल्यापुरतं दूध सोडलं होतं आणि आळीला घालत राहिला होता.

"ऊन लागलंय त्यांना," विठू म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

बायकांमधून विमलबाई उठली. ती जवळ आली. आबाजीला वाटलं, ती आता मारील. तिनं पदराच्या टोकानं त्याच्या दाढीवरची खीर पुसली.

"तुमी सोडलंत," ती हळू म्हणाली. "नामानं सोडलं. तो कोरा चहा... मंग मला का नाय सांगितलंत?"



७

दुसऱ्या दिवशी तो कर्जतच्या मामलेदार कचेरीत गेला. तिथल्या माणसानं त्याला बाकावर बसवून ठेवलं, मग उद्या ये म्हणाला. तो उद्या गेला. परवाही गेला. लडकू चौकमधून नाहीसा झाला. नामाला कामावरून घरी बसवलं, पण तो घरी आला नाही. त्याचं एक पत्रही आलं नाही. हॉटेलवाल्यानं मात्र निरोप धाडला, लोकांचं ऐकू नका, मला दूध हवंय. विमलबाई रोज दोन्ही वेळा धार काढायची आणि बादली लांब नेऊन खड्ड्यात ओतायची. म्हशीला त्रास व्हायला नको, म्हणायची.

पावसाच्या तोंडावर एक दिवस जीप आली. तिच्यातून साहेब उतरले. त्यांच्यातल्या एकाच्या हातात दांडीची पेटी होती आणि तिला वायरीनं जोडलेली एक नळी. ते खदाणीकडं गेले, पण काठापर्यंत गेले नाहीत. लांबूनच पेटीचा आवाज आळीत ऐकू आला. पत्र्यावर कुणी मुठीमुठीनं हरभरे फेकावेत तसा.

परतताना ते भोईराच्या अंगणात आले. आळी कुंपणापाशी गोळा झाली होती. साहेबानं नळी गोठ्याच्या दाराशी धरली, म्हशीपाशी धरली, पेटी कडकडली. मग त्यानं ती आबाजीसमोर धरली. पेटी कधी मधी टिक करायची, एवढंच. आबाजी शरमेनं जागच्या जागी लहान झाला. एवढ्या लोकांदेखत ते यंत्र सांगत होतं, की यानं स्वतःला नीट जपलं.

मग साहेब विमलबाईकडं वळला.

पेटी अशी कडकडली की पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, पाऊसच आला. विमलबाई पदर धरून ताठ उभी होती, कुणी नाव पुकारल्यावर उभं राहावं तशी. साहेबानं नळी तिच्या गळ्यापासून खाली आणली आणि आवाज थांबेना. तिनं साहेबाकडं बघितलं नाही. ती नवऱ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग असता, तर आबाजीला तो सोसता आला असता.

साहेबानं बटण दाबलं. आवाज तुटला. "काय नाही बाई," तो म्हणाला, "हे असंच वाजतं." त्यानं नळी गुंडाळून पेटीचं झाकण लावलं.

कुंपणाचं बेडं सारून चिमा पुढं आली. तिनं बाळाला दोन्ही हातांनी साहेबांसमोर धरलं.

"ह्याला बी बघा की साहेब."

साहेबानं बाळाकडं पाहिलं, मग आपल्या माणसांकडं. "आता नाही बघता येणार. बॅटरी संपली हो."

"मंग?"

"पुन्हा येऊ." तो पेटी बगलेत मारून निघाला. वाट अरुंद होती, चिमाला घासूनच त्याला जावं लागलं. बाळानं त्या चकचकीत पेटीकडं हात केला.

आळीतली सगळी माणसं तिथं होती. विठू होता, गौराबाई होती. सगळ्यांनीच ते ऐकलं असणार. झाकण लावलेल्या, बंद केलेल्या पेटीतून, साहेबाच्या काखेखालून, बारीक आवाज येत होता. टिक, टिक, टिक. बाळ जवळ होतं तोवर भरभर, साहेब पुढं सरकला तसा सावकाश.

साहेबानं पाय उचलला.

"साहेब," आबाजी म्हणाला. साहेब थांबला नाही, म्हणून तो पुन्हा मोठ्यानं बोलला. "साहेब, वाजतंय ते."